देण्यातला वाटा

आप्पा, माझे वडील, गेले. त्यांच्या गंधमुक्तीचं, म्हणजे सुतक फिटल्याचं, जेवण उरकून पाहुणे पांगले, पोरं मांडवाच्या दोऱ्या सोडायला लागली, आणि भाऊबंद ओट्यावर सतरंजी टाकून बसून राहिले. मी आत भांडी आवरत होते. बाहेरचं बोलणं कानावर येत होतं. मोठे आबा माझ्या धाकट्या भावाला समजावत होते : तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यायचा, गावच्या विकास सोसायटीच्या पीककर्जाचं काय ते तिच्या गटसचिवाला भेटून बघायचं, आणि ताई आलेलीच आहे तर अमळनेरला नेऊन तिची हक्कसोडवर सही घेऊन टाकायची. पुन्हा पुन्हा नाशिकहून कुठे येत बसेल बिचारी.

हात पुसत मी दारात आले आणि विचारलं, "आप्पांचं देणं किती आहे?"

ओटा गप्प झाला. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मोठे आबा त्याच्याकडे वळून म्हणाले, "तिले कर्जनं काय? ती ते पाव्हनी शे."

आबांनी ते मायेनेच म्हटलं. लेकीच्या डोक्यावर माहेरचं ओझं नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला त्यांचा राग आला नाही, पण ते वाक्य मनातून हलेना. उताऱ्यावरचा हक्क सोडायचा म्हटलं की मी वारस, आणि देणं मोजायचं म्हटलं की पाहुणी. हे दोन्ही एका रात्रीत, एकाच ओट्यावर. मायनं काही न बोलता पत्र्याची पेटी उघडली आणि आप्पांची वही आणून माझ्या हातात दिली. भावाच्या नाही, माझ्या.

लाल कापडी बांधणीची लांबट वही. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले, अक्षर मोठं आणि उजवीकडे कललेलं. त्या रात्री मी आणि भाऊ मधल्या खोलीत बसून ती वाचत होतो. खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. भाव वाढेल म्हणून आप्पांनी ठेवलेला, ह्या हंगामातला जवळजवळ सगळा. आमच्याकडे माघ-फाल्गुनापर्यंत घराघरात असा कापूस पडून असतो, त्याची बारीक तुसं अंगाला लागून खाज सुटते, आणि लहानपणी त्या ढिगावर उड्या मारल्या म्हणून मार खाल्लेली पोरं मोठेपणी त्याच ढिगाकडे भावाच्या काळजीने बघत बसतात.

कर्जाची वही एखाद्या माणसाविषयी इतकं सांगत असेल असं मला वाटलं नव्हतं. आप्पा स्वतःविषयी बोलत नसत. वहीत मात्र त्यांचं सगळं वर्ष होतं. जूनच्या पानांवर बियाण्याची पाकिटं आणि पेरणी. ऑगस्टला युरिया आणि फवारणीची औषधं, कृषी केंद्राच्या उधारीवर. नोव्हेंबरात वेचणीच्या बायकांची मजुरी. आणि दर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक विचित्र ओळ : अमक्याकडून ४०,०००, तमक्याकडून ३०,०००, आणि पुढे आठ-दहा दिवसांनी 'परत'. मला ते कळेना. भावानं सांगितलं, "नवं-जुनं करायचे ना आप्पा."

शेतकऱ्याच्या घरी हे सांगावं लागत नाही, पण मी वीस वर्षं बाहेर राहिलेली. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर ३ लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं. केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की थकबाकीदार. मग व्याज लागतं, नवं कर्ज मिळत नाही, आणि गोष्ट पुढे गेली तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो. पण मार्चमध्ये पैसा असतो कुणाकडे? म्हणून गावातून आठ दिवसांसाठी उसने घ्यायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं उचलायचं आणि उसने फेडायचे. आप्पांनी हे वर्षानुवर्षं केलं. २०१७ ची कर्जमाफी आली तेव्हा आणि २०१९ ची आली तेव्हाही त्यांचं खातं नियमित होतं, त्यामुळे थकबाकीदारांची माफी त्यांच्या वाट्याला आली नाही. ह्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. मी मात्र त्या रात्री त्या मार्चच्या ओळी मोजल्या. दर वर्षी एका आठवड्यासाठी हा माणूस सात-आठ दारांवर जाऊन उभा राहत होता, कागदावर आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून.

बेरीज पहाटे झाली. सोसायटी १,४८,०००. कृषी केंद्र ६३,४००. हातउसने आठ जणांचे मिळून ७१,०००. तालुक्याच्या गावातला एक सावकार, मुद्दल ४०,०००, व्याजाचा आकडा लिहिलेला नाही. सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, बाकी ३४,०००.

भाऊ सोसायटीच्या आकड्यावर बोट ठेवून बसला, कारण त्याचा बोजा सातबाऱ्यावर होता. माय भिंतीला टेकून जागीच होती. ती म्हणाली, "पहिले सालदारनं दे. मंग बाकीनं दख."

दोन दिवसांनी आम्ही अमळनेरला कोर्टासमोरच्या एका वकिलांकडे गेलो. भावाला नोंदीचं विचारायचं होतं, मला देण्याचं. वकील वयस्कर, बोलायला सावकाश. त्यांनी सांगितलेलं मी नंतर कायद्याची पुस्तकं आणून वाचून घेतलं, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटलं.

बापाचं कर्ज मुलानं फेडायचंच, स्वतःच्या कमाईतून, अंगावरचं विकून, ही समजूत आपल्या हाडात आहे. जुन्या हिंदू कायद्यात ते मुलाचं धर्मकर्तव्य मानलेलं होतं. फक्त जुगार, दारू असल्या कामांसाठी काढलेलं कर्ज त्यातून वगळलेलं. पण आपल्या मुंबई इलाख्यात १८६६ सालीच कायदा झाला होता, की केवळ वारस आहे म्हणून पूर्वजाच्या कर्जासाठी कुणाला स्वतःच्या खिशातून जबाबदार धरता येणार नाही. जी मालमत्ता हाती आली तिच्यापुरतंच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० आजही तेच सांगतं. मेलेल्या माणसाचं जेवढं वारसाच्या हातात आलं, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. आणि ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा, ते धर्मकर्तव्यही नव्या कर्जांसाठी पुसलं गेलं. केवळ मुलगा आहेस म्हणून बापाचं कर्ज फेड, असं कोर्ट आता म्हणू शकत नाही. ज्या घरात कर्त्या माणसानं कर्जापायी जीव दिला आणि मागे राहिलेल्या पोरांना वसुलीवाले घाबरवतात, त्या घरांत हे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवं, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं आणि अजून वाटतं.

त्याच २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः हक्क दिला. बाप त्या दिवशी हयात असला पाहिजे की नाही हा घोळ पुढे १५ वर्षं चालला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो सोडवला : हक्क जन्माने आहे, बाप हयात असण्याची अट नाही. एवढं मला आधी माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं वाक्य. वकिलांनी पुस्तक फिरवून माझ्यासमोर ठेवलं. मुलीला मुलासारखाच हक्क, आणि त्या मालमत्तेपुरत्या मुलासारख्याच जबाबदाऱ्या. दोन्ही एकाच कलमात, एकाखाली एक लिहिलेलं.

बहिणीचा वाटा, बहिणीचा वाटा म्हणून गावोगाव वाद होतात. भाऊ म्हणतो तिला हुंडा दिला, आंदण दिलं, आता कसला वाटा. बहीण एक तर गप्प बसून सही करते, नाही तर कोर्टात जाते आणि माहेर तुटतं. त्या सगळ्या बोलण्यात देण्याच्या वाट्याचा विषय मी कधी ऐकला नव्हता. तो भाऊही काढत नाही, बहीणही काढत नाही. मी तिथेच ठरवलं, की सही करायची की नाही हे नंतर बघू, आधी देण्यातला वाटा उचलायचा. आमच्या बाबतीत जमीन आजोबांची धरली काय आणि आप्पांची धरली काय, माय, भाऊ आणि मी असा प्रत्येकाला तिसरा हिस्सा येत होता. मग देणंही तिघांत.

वकिलांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. हातउसन्याची मुदत साधारण तीन वर्षं. ती उलटली की कोर्टातून वसूल होत नाही. पण फेडतो असं तुम्ही सही करून लिहून दिलंत, तर मुदत संपलेलं देणंही पुन्हा जिवंत होतं. तेव्हा कुणाला काही लिहून देऊ नका. हात जोडा, पैसे द्या, पावती घ्या, पण लिहून देऊ नका. भावानं बाहेर आल्यावर विचारलं, "मग मुदत संपलेल्यांचं द्यायचं नाही का?" मी म्हटलं, "मायला विचार." त्यानं विचारलंच नाही.

कापूस विकला. गाडी भरून गेल्यावर मधली खोली एवढी मोठी होती हे आम्हाला कितीतरी महिन्यांनी दिसलं. त्या पैशांतून मायच्या सांगण्याप्रमाणे सालदारापासून सुरुवात केली. तो आमच्याकडे चौदा आखाज्या होता. आमच्याकडे गड्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं आणि आखाजीला संपतं. हिशेब त्या दिवशी. म्हणून तो मागायला येणारच नव्हता. बोलावलं तेव्हा ओट्याच्या पायरीशी थांबून म्हणाला, "मी मांगाले नही उनू, भाऊ. भेटाले उनू." पैसे मोजून घेतल्यावर त्यानंच सांगितलं, की आप्पा आजारी पडले त्या आठवड्यात शेवटची वेचणी झाली होती. अकरा बायका, तीन दिवस. घरात आजारपण आणि मग सुतक, म्हणून कुणीच मजुरी मागितली नाही. वहीत त्याची ओळ नव्हती, कारण वही लिहिणाराच अंथरुणावर होता. मायला ते माहीत होतं. ती म्हणाली, "लिहेल नही, पन देनं शे." त्या अकरा जणींच्या घरी माझा भाऊ आणि मी संध्याकाळी चालत गेलो.

पुढे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ वाचताना मी एका पानावर थबकले. मृताची मालमत्ता सांभाळणाऱ्यानं पैसा कोणत्या क्रमानं द्यायचा ते तिथे सांगितलंय. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग मालमत्तेच्या कोर्टकामाचा. त्यानंतर कलम ३२२ : मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांत ज्या मजुरानं, कारागिरानं, घरगड्यानं काम केलं त्याची मजुरी. आणि मग बाकीचे घेणेकरी. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिनं हा क्रम पहाटे भिंतीला टेकून सांगितला होता.

सावकाराचं प्रकरण वेगळं. त्याच्याकडे आप्पांचा सही केलेला कोरा चेक होता आणि तो तोंडी १,१०,००० मागत होता. मुद्दल ४० आणि थकलेलं व्याज ७० हजार, महिना तीन टक्क्यांनी. परवाना नाही. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखालचा तो दर आहे. ह्याचा दर वर्षाला ३६ पडत होता. शिवाय दामदुपटीचा जुना नियम आपल्याकडे अजून चालतो : थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागता येत नाही. आणि बिनपरवाना सावकाराला कोर्ट हुकूमनामाच देत नाही. मी हे सगळं पाठ करून गेले होते. त्याच्या दुकानात बसून, आवाज न चढवता, एकेक सांगितलं, आणि तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय कुठे आहे तेही सांगितलं. तो भावाकडे बघून बोलत राहिला. भाऊ दर वेळी म्हणाला, "ताईला सांगा." शेवटी मुद्दल ४०,००० घेऊन त्यानं चेक परत केला. कायद्यानं तेही टाळता आलं असतं, असं मला नंतर दोघातिघांनी सांगितलं. पण ते पैसे आप्पांनी खरोखर घेतले होते, मायच्या ऑपरेशनला. मुद्दल बुडवायचं नव्हतं. व्याजाचा एक रुपया दिला नाही, आणि त्याबद्दल माझ्या मनाला अजून बरं वाटतं.

हातउसन्याचे आठही जण भले. एक नववा आला. म्हणाला, गेल्या मार्चला १५,००० दिले होते. भावानं वहीतलं ते पान काढलं. २ एप्रिल, 'परत', आणि पुढे त्याच माणसाच्या हातची सही. भावानं ते वाचून दाखवलं नाही, वही फक्त त्याच्याकडे वळवली. तो चहा पिऊन गेला. त्याचं नाव आम्ही घरात कुणी काढत नाही.

आप्पांचं येणंही वहीत होतं, थोडंसं. ते कोर्टातून मिळवायचं तर आधी वारस प्रमाणपत्र काढा, त्याची फी भरा. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. दोघांनी आपणहून आणून दिले. आप्पा गेल्यानंतर त्यांच्या खात्यात पीएम किसानचा २,००० चा एक हप्ता जमा झाला होता, तो आमचा नव्हता. तहसीलमध्ये जाऊन ते कळवलं.

राहिली सोसायटी. १,४८,००० चे तीन भाग केले. मी माझ्या बचतीतून ४९,३३३ रुपये आणून दिले. भाऊ म्हणाला, "ताई, असू दे ना." मग म्हणाला, "बरं, मग तेहतीस काय, गोल कर." मी गोल केले नाहीत. ३१ मार्चच्या तीन दिवस आधी भरणा झाला आणि त्या वर्षी आमच्या घरानं नवं-जुनं करायला कुणाच्या दारात पाय ठेवला नाही. गटसचिवांनी निल दाखला देताना त्यावर तिघांची नावं घातली. वारसनोंदीचा अर्ज आम्ही तीन महिन्यांच्या मुदतीत दिला होता. नोटिशीचे १५ दिवस गेले, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. सातबाऱ्यावर माय, भाऊ, मी. आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा होता तो कमी झालेला. मोठे आबा उतारा हातात घेऊन बराच वेळ बघत होते. पाव्हनी हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. हक्कसोडचा विषय त्यांनी काढला नाही आणि भावानं तर मुळीच नाही.

एक देणं मी अजून सांगितलेलं नाही. पहिल्या रात्रीच, वहीच्या अगदी शेवटच्या पानावर, ते मला दिसलं होतं. २०१८ साली पाऊस गेला, सरकारनं १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात जळगाव जिल्ह्यातले बहुतेक होते. आप्पांनी बोअर घ्यायचं ठरवलं. मी माझ्या लग्नातल्या दोन पाटल्या दिल्या, मिळून तीन तोळ्यांच्या. सोनेतारण करून पैसे उचलले. सहाशे फुटांपर्यंत नुसती धूळ आली. पाटल्या सुटल्या नाहीत आणि पुढे त्यांचा लिलाव झाला. सासरी मी सांगितलं होतं, की त्या मायच्या पेटीत आहेत. आप्पा आणि मी त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. ते विसरले असं मी धरून चालले होते आणि ते विसरले तर बरंच, असंही म्हणत होते.

शेवटच्या पानावर ओळ होती : 'ताई — पाटल्या २, ३ तोळे.' खाली पुढच्या वर्षाची तारीख, पुन्हा तीच ओळ. त्याखाली पुन्हा. दर वर्षी आखाजीला, सालदाराचा हिशेब झाल्यावर, त्यांनी ती ओळ नव्यानं लिहून पुढे ओढलेली. रकमेत न मांडता तोळ्यांत, भाव वाढला तरी लेकीचं कमी पडू नये म्हणून. मी ते पान भावाला दाखवलं नाही. बेरजेत धरलं नाही.

आखाजीला गेले. आप्पांची पहिलीच घागर. मायनं कुंभाराकडून आणलेली नवी घागर धुवून पाण्यानं भरली, वर खरबूज ठेवलं. सांजोऱ्या, पुरणपोळ्या, आमरस. सालदार सकाळीच आला. नवं साल ठरलं, तेच सालाचे पैसे अधिक पाच हजार. भावानं बाजारातून नवी वही आणली होती, तीही लाल. तो ओट्यावर बसून जुनीतून नवीत उतरवत होता आणि मी शेजारी आंबे माचवत होते. उतरवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तो पानं उलटत शेवटच्या पानापर्यंत गेला. थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर, तारखेखाली, त्यानं आप्पांसारखंच उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं : 'ताई — पाटल्या २, ३ तोळे.'

मी आंब्याचे हात धुवून आले आणि त्याच्या हातातून पेन घेतला.

"आपण तिघं वारस ना?" मी म्हटलं. "मग ह्यातलाही तिसरा हिस्सा माझाच."

'३' वर काट मारून मी '२' केला आणि पेन त्याला परत दिला. आतून माय आगारीसाठी, पितरांचा घास विस्तवावर ठेवायला, हाक मारत होती. चुलीतले निखारे तयार होते.